शेजाऱ्याचं झाड आपल्या घरावर पडलं तर पैसे कोण देणार? विमा, भरपाई आणि पावसाआधीचं एक पत्र

आधी उत्तर, मग कारणं. शेजाऱ्याचं झाड तुमच्या कौलांवर, पत्र्यावर, कंपाउंडवर नाहीतर गाडीवर आडवं झालं तर बहुतेक वेळा पहिला पैसा येतो तो तुमच्याच विम्यातून, आणि विमा नसेल तर तुमच्याच खिशातून. शेजाऱ्याकडून पैसे सुटतात ते दोनच कारणांनी, एक तर माणूस भला आहे म्हणून, नाहीतर झाड धोक्याचं झालंय हे त्याला आधीपासून माहीत होतं हे तुम्ही कागदावर दाखवू शकता म्हणून. झाड त्याचं म्हणजे नुकसान त्यानेच भरायचं असं आपल्या सगळ्यांनाच वाटतं, पण कायदा इतका सरळ नाहीये आणि झाड पडल्यावर तावातावाने भांडायला जाणारे लोक इथेच गंडतात.

म्हणून दोन हिशोब वेगळे ठेवा. विमा कंपनी विचारते काय पडलं, कशावर पडलं, कधी पडलं. झाड कुणाच्या मालकीचं याने तुमचा क्लेम अडत नाही. कोर्ट मात्र विचारतं की झाडाच्या मालकाने शहाण्या माणसाने घ्यावी तेवढी काळजी घेतली होती का. दोघांना लागणारे पुरावेही वेगळे.

मालकावर जबाबदारी नेमकी कधी येते

यासाठी आपल्याकडे वेगळा असा एक कायदा नाही. निष्काळजीपणा आणि न्यूसन्स (म्हणजे दुसऱ्याला होणारा उपद्रव) या जुन्या तत्त्वांवर सगळं चालतं. सगळ्यात उपयोगी निकाल सुप्रीम कोर्टाचा १९९९ चा आहे. दिल्लीत १९६४ साली रस्त्याच्या कडेच्या झाडाची फांदी स्कूटरवरून जाणाऱ्या एका माणसाच्या डोक्यात पडली आणि तो गेला. झाड वाळलेलं होतं, साल निघालेली होती, म्हणजे कुणी नीट बघितलं असतं तरी कळलं असतं, तरी महापालिकेने काही केलं नाही म्हणून भरपाई महापालिकेवर बसली. (३५ वर्षं लागली, हेही लक्षात ठेवा, कोर्टात जायचं का हे ठरवताना कामाला येईल.) तो निकाल सार्वजनिक झाडाचा असला तरी सूत्र तेच, मालकाला धोका माहीत होता किंवा दिसायला हवा होता का.

उलट बाजू बघा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड भागात धडधाकट आंबे आणि नारळ-सुपारीच्या बागाच्या बागा झोपल्या. अशा वेळी शेजाऱ्याच्या निरोगी झाडाने तुमचं घर फोडलं तर ती दैवी आपत्ती, त्याच्यावर काही बसत नाही. पण खरी भांडणं असतात ती मधल्या पट्ट्यातली, म्हणजे जुलैमधला नेहमीचा पाऊस, नेहमीचा वारा आणि झाड पडलं. शेजारी म्हणतो, "देवाची करणी, मी काय झाड ढकललं का?" याला माझं उत्तर असं की कोकणात नाहीतर मुंबईत जुलैला पाऊस-वारा येणं ही दैवी आपत्ती नव्हे, तो दरवर्षी येतो, आणि त्यात पडलेलं झाड बहुतेक वेळा आधीपासून आजारी असतं. हे "आजारी असतं" सिद्ध करणं हेच सगळं काम आहे.

लक्षणं कुठली धरली जातात, तर पोकळ खोड, वाळवी, बुंध्याशी उगवलेली अळंबी, वाळलेल्या मोठ्या फांद्या, दरवर्षी थोडं थोडं जास्त कलणं, कलण्याच्या उलट्या बाजूची माती फुगून वर येणं. नारळाच्या बाबतीत गेंड्या भुंगा आणि सोंड्या भुंगा यांनी पाडलेली भोकं. शहरात अजून एक मोठं कारण म्हणजे गटारासाठी नाहीतर नवीन कंपाउंडच्या पायासाठी खणताना मुळं तोडलेली असतात, किंवा पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट थेट खोडाला भिडवलेलं असतं. शेजाऱ्याने स्वतः असं काम केलं असेल तर त्याची बाजू चांगलीच लंगडी होते.

पायरी १: पडल्यावर पहिले काही तास

तारांपासून लांब. झाडाखाली विजेची तार अडकली असेल तर महावितरण किंवा तुमची जी वीज कंपनी असेल तिने सप्लाय बंद केल्याशिवाय कुणी झाडाला हात लावायचा नाही, ओल्या फांदीतूनही शॉक बसतो. मुंबईत महापालिकेचा आपत्ती नंबर १९१६, बाकी ठिकाणी फायर ब्रिगेडला १०१. फोन केल्याची वेळ आणि तक्रार नंबर लिहून ठेवा, पुढे फायर ब्रिगेडकडे अर्ज करून दाखला मागता येतो आणि विमा कंपनीसाठी तो कागद वजनदार असतो.

मग फोटो. लोक काय करतात, फुटलेल्या कौलांचे चाळीस फोटो काढतात आणि झाडाचा एकही नाही. फुटलेली कौलं विमा कंपनीचा सर्व्हेअर (नुकसान तपासणारा माणूस) येऊन बघेलच, झाड मात्र संध्याकाळपर्यंत तुकडे होऊन टेम्पोत गेलेलं असतं. म्हणून आधी मूळ झाड कुठे उभं होतं तो बुंधा हद्दीच्या भिंतीसकट एका फ्रेममध्ये घ्या, मग उपटलेली मुळं, मग खोड जिथे मोडलं ती जागा जवळून. करवतीने कापल्यावर जो गोल भाग दिसतो त्याचा फोटो काढताना शेजारी एक फूटपट्टी नाहीतर टेप धरा. निरोगी लाकूड कडेपासून मध्यापर्यंत घट्ट दिसतं. कुजलेल्यात मधे तपकिरी भुसा असतो, बोट घातलं तर आत जातं, कधी नुसतं भोक आणि त्यात वाळवीची माती. कटिंगवाल्याला सांगून त्या भागाची एक चार-पाच इंचाची चकती कापून घ्या, तारीख टाका, सावलीत ठेवून द्या, शेजाऱ्याला सांगूनच घ्या म्हणजे नंतर लाकूड चोरलं असं व्हायला नको. त्या चकतीचं काम पन्नास साक्षीदारांनी होणार नाही.

लाकूड शेजाऱ्याचंच असतं बरं का. तुमच्या अंगणात पडलं म्हणून परस्पर विकू नका, विशेषतः सागाचं किंवा फणसाचं.

घरात पाणी येत असेल तर ताडपत्री टाका, पंखे-टीव्ही बाजूला करा. विमा कंपनी येईपर्यंत काही हलवायचं नाही हा गैरसमज आहे, नुकसान वाढू न देणं ही तुमचीच जबाबदारी असते, फक्त हलवण्याआधी फोटो आणि ताडपत्रीचं बिल सांभाळा. कायमची दुरुस्ती मात्र सर्व्हेअर बघून जाईपर्यंत सुरू करू नका.

गावात असाल तर तलाठ्याकडून (आता हुद्दा ग्राम महसूल अधिकारी झालाय, लोक तलाठीच म्हणतात) पंचनामा करून घ्या. चक्रीवादळ, पूर असं काही असेल तर सरकारी मदतही त्याच पंचनाम्यावर मिळते, पण तिच्यावर घर उभं राहणार नाही. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत पक्क्या घराचं किमान १५ टक्के नुकसान असेल तर ६,५०० रुपये आणि कच्च्याला ४,००० रुपये आहेत, कधीकधी राज्य सरकार वर भर घालतं.

पायरी २: झाड नक्की कुणाचं

खोड ज्याच्या जमिनीत, झाड त्याचं, फांद्या कुठेही जावोत. शहरात प्रॉपर्टी कार्ड आणि सिटी सर्व्हेचा नकाशा, गावात सातबारा आणि गट नकाशा, वादच असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी. बांधावरचं झाड असेल तर दोघांचं धरलं जातं आणि मग भरपाईची मागणी बरीच पातळ होते, कारण काळजी तुम्हीही घ्यायला हवी होती.

शेजारी म्हणजे सोसायटी असेल तर जबाबदारी सोसायटीची, पत्र सेक्रेटरीच्या नावाने. तळमजल्यावरच्या ज्या आजोबांनी ते झाड लावलं त्यांच्या नावाने नाही. फुटपाथवरचं झाड महापालिकेचं किंवा नगरपालिकेचं, राज्य रस्त्याकडेचं सार्वजनिक बांधकाम खात्याचं. आणि इथे मुदतीचा एक खड्डा आहे, तो पायरी ६ मध्ये सांगतो.

पायरी ३: घराचा विमा

तुमच्याकडे विमा आहे की नाही हेच अनेकांना माहीत नसतं. होम लोन घेताना बँकेने बऱ्याचदा घराचा विमा काढायला लावलेला असतो आणि त्याची पॉलिसी लोनच्या फाइलमध्ये धूळ खात असते. फक्त ती कर्जदाराच्या आयुष्याची आहे की इमारतीची हे बघा, नावं सारखीच वाटतात.

१ एप्रिल २०२१ पासून आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) घरांसाठी एक सारखी पॉलिसी सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना द्यायला लावली, तिचं नाव भारत गृह रक्षा. आपल्या विषयात हा बदल खूप मोठा आहे. त्याआधीच्या फायर पॉलिसीत वादळाने झाड पडलं तर वादळ म्हणून चालायचं, पण वारा नसताना कुजलेलं झाड दुपारी आपणहून कोसळलं तर अडचण, कारण धडकेच्या कलमात फक्त वाहन आणि जनावर होतं. भारत गृह रक्षामध्ये बाहेरच्या कुठल्याही वस्तूच्या आघाताने झालेलं नुकसान धरलंय आणि उदाहरणांत पडणारी झाडं स्पष्ट लिहिली आहेत. म्हणजे वादळ होतं का, वाऱ्याचा वेग किती होता, हवामान खात्याचा दाखला कुठाय, या भानगडीत न पडता क्लेम करता येतो. क्लेम फॉर्ममध्ये कारण लिहिताना "वादळी पाऊस" एवढंच लिहून थांबू नका, "शेजारील झाड घरावर पडून आघाताने नुकसान" असं लिहा.

अजून काय काय त्यात बसतं ते लोकांना माहीत नसतं म्हणून थोडं खोलात जातो. इमारत म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हेत, कंपाउंडची भिंत, गेट, व्हरांडा, पार्किंगची जागा, सेप्टिक टँक, पाण्याची बसवलेली टाकी, सोलर पॅनेल हे सगळं इमारतीत धरलं जातं, आणि झाडं पडतात ती बहुतेक यांच्यावरच. घरातल्या सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, एवढं कव्हर आपोआप मिळतं. ढिगारा आणि झाड उचलायचा खर्च क्लेमच्या २ टक्क्यांपर्यंत, आर्किटेक्ट-इंजिनिअरची फी ५ टक्क्यांपर्यंत. घर राहण्यासारखं नसेल तर दुसरीकडच्या भाड्याचीही तरतूद आहे. छप्पर उघडं पडल्यामुळे सात दिवसांत चोरी झाली तर तीही.

विमा रक्कम म्हणजे बांधकामाचा खर्च, जागेची किंमत नव्हे. एक कोटीचा फ्लॅट म्हणून एक कोटीचा विमा काढायची गरज नसते. आणि रक्कम थोडी कमी धरली गेली असेल तरी पूर्वीसारखी त्या प्रमाणात प्रत्येक क्लेमला कात्री लावत नाहीत, ती अट या पॉलिसीत काढून टाकली आहे. कौलारू, पत्र्याचं, आरसीसी जे असेल ते प्रपोजल फॉर्ममध्ये खरं लिहा, एजंटने घाईत "आरसीसी" टिक केलं आणि वरून मंगलोरी कौलं निघाली की सर्व्हेअर पहिलं तेच लिहितो.

क्लेमचा क्रम साधा आहे. त्याच दिवशी टोल फ्री नंबरवर किंवा ॲपवर कळवा, क्लेम नंबर घ्या, मग एक ईमेल टाका म्हणजे तारखेचा पुरावा राहतो. सर्व्हेअर येईल तेव्हा स्वतः हजर राहा. दुरुस्तीचं कोटेशन "छप्पर दुरुस्ती एकरकमी" असं देऊ नका. किती कौलं, किती वासे, किती रीपा, आढ्याचं काम किती फूट, मजुरी किती, असं सुट्टं लिहून घ्या. एकरकमी आकडा दिसला की सर्व्हेअर त्याच्या अंदाजाने कापतो आणि तुम्हाला वाद घालायला काही उरत नाही.

दुकान किंवा छोटा कारखाना असेल तर ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा नावाची पॉलिसी आहे, त्यातही आघाताचं कलम आहे.

पायरी ४: गाडी

नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर विषय संपला, एक रुपया मिळणार नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणजे ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) विमा असेल तर पार्क केलेल्या गाडीवर झाड पडणं त्यात बसतं, गाडी हलवायच्या आधी आहे त्या जागी फोटो काढा.

पैसे पूर्ण मिळत नाहीत ते घसाऱ्यामुळे, म्हणजे गाडी जुनी झाली म्हणून सुट्या भागांच्या किमतीतून होणाऱ्या कपातीमुळे. समजा १५०० सीसीच्या आतली सहा वर्षांची गाडी आहे, झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) घेतलेलं नाही. काच १२,०००, बंपर वगैरे प्लास्टिक १०,०००, छत आणि बॉनेटचा पत्रा ४०,०००, मजुरी २०,०००, रंगाचा हिशोब वेगळा म्हणून सोडून देऊ. काचेला घसारा नाही, प्लास्टिकला ५० टक्के, पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या पत्र्याला ४० टक्के. म्हणजे १२,००० अधिक ५,००० अधिक २४,००० अधिक २०,००० असे ६१,०००, त्यातून सक्तीची वजावट १,००० गेली की ६०,०००. बिल ८२,००० चं, खिशातून २२,०००. हे २२,००० म्हणजे तुमचं विम्याने न भरलेलं नुकसान, शेजाऱ्याकडे मागायचं असेल तर हे मागायचं. शिवाय पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस जातो, जो पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत असतो. त्यामुळे नुसती साइड मिरर आणि दोन चरे असतील तर क्लेम न करता शेजाऱ्याशी बोलून गॅरेजचं बिल वाटून घेणं केव्हाही स्वस्त.

पायरी ५: शेजाऱ्याशी बोलणं

आधी विमा कंपनीला कळवा, मग शेजाऱ्याकडे जा. कारण विमा कंपनीने पैसे दिले की तेवढ्या रकमेपुरता शेजाऱ्यावर दावा करायचा तुमचा हक्क कंपनीकडे जातो, त्यासाठी ती सब्रोगेशनच्या पत्रावर सही घेते. तुम्ही भावनेच्या भरात शेजाऱ्याला "माझी काही तक्रार नाही, सगळं मिटलं" असं लिहून दिलं तर कंपनीचा हक्क बुडतो आणि ती तुमच्या क्लेमवर आक्षेप घेऊ शकते. आणि एकाच कौलाचे पैसे दोघांकडून घेता येत नाहीत, हे सांगायला नको.

बोलताना माझा अनुभव असा की "तुमच्या झाडाने" अशी सुरुवात केली की पुढचं सगळं बिघडतं. "काका, झाड तुमच्याकडचं होतं, कोणाला लागलं नाही हे नशीब. माझा विमा आहे, तरी वीसेक हजार माझ्या अंगावर येतायत आणि झाड उचलायचा खर्च वेगळा. तुम्ही झाड उचलून न्या आणि भिंतीचं अर्धं बघा, बाकी मी करतो." असा नेमका, कमी आणि आकड्यातला प्रस्ताव बऱ्याचदा मान्य होतो, कारण वर्षानुवर्षं तोंड बघायचं असतं. शेजाऱ्याची स्वतःची घरमालकाची पॅकेज पॉलिसी असेल आणि त्यात पब्लिक लायबिलिटीचा (दुसऱ्याच्या नुकसानीच्या भरपाईचा) भाग असेल तर त्यातून तुम्हाला पैसे मिळू शकतात, म्हणून विचारून बघा, आपल्याकडे फार कमी लोक ती घेतात पण सोसायट्यांकडे असते कधीकधी. मात्र त्या विमा कंपनीलाही शेजाऱ्याच्या चुकीने झालं हे दाखवावंच लागतं.

ठरेल ते दोन ओळीत लिहा, दोघांच्या सह्या. गावात तंटामुक्त समिती चांगली चालत असेल तर तिच्यासमोर.

पायरी ६: नाहीच ऐकलं तर

वकिलाची नोटीस, स्पीड पोस्टने, पोच जपून. नोटिशीत तीन गोष्टी हव्यात, झाडाची अवस्था, शेजाऱ्याला ते कधी आणि कसं कळवलं होतं, आणि नुकसानीचा सुट्टा आकडा. मग लगेच दिवाणी दावा न टाकता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व प्रकरण म्हणून अर्ज करा, लोकअदालतीत समझोता झाला तर तो कोर्टाच्या हुकुमासारखाच पक्का असतो आणि खर्च जवळजवळ नाही. खाजगी शेजाऱ्यावर दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची.

झाड महापालिकेचं असेल तर हा मगाशी म्हटलेला खड्डा. मुंबईच्या १८८८ च्या आणि राज्याच्या महापालिका अधिनियमात असं आहे की आधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यायची आणि दावा सहा महिन्यांच्या आत टाकायचा. तीन वर्षं आहेत म्हणून लोक पत्रव्यवहार करत बसतात आणि सहा महिने निघून जातात. सरकारी खातं असेल तर दोन महिन्यांची नोटीस.

पोलिसांत नुसत्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी फार काही होत नाही, नोंद करून ठेवा एवढंच. कुणाला इजा झाली असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

व्हॉट्सॲपचे मेसेज पुरावा म्हणून चालतात पण भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र सोबत लागतं, म्हणून फोन बदलताना चॅट उडवू नका.

पायरी ७, जी खरं तर पहिली: झाड अजून उभं आहे तेव्हा

पडण्याच्या आधी दिलेलं एक पत्र हा तुमचा सगळ्यात मोठा पुरावा. त्यानंतर शेजाऱ्याला "मला काय माहीत" म्हणता येत नाही. एप्रिल-मेमध्ये द्या, परवानगीला वेळ लागतो. नमुना असा, आपापल्या परीने बदलून घ्या:

"श्री. ........ यांस, सप्रेम नमस्कार. आपल्या आवारात आमच्या सामाईक भिंतीलगत असलेले गुलमोहराचे झाड आमच्या घराच्या बाजूला कलले आहे. बुंध्याशी अळंबी उगवली असून दोन मोठ्या फांद्या वाळल्या आहेत, सोबत फोटो जोडले आहेत. पावसाळ्यात ते आमच्या घरावर पडण्याचा धोका आहे. कृपया उद्यान विभागाची परवानगी घेऊन ते छाटून अथवा काढून घ्यावे. अर्जावर आमची सही लागल्यास आम्ही देऊ, खर्चाबाबतही बोलू. या पत्राची प्रत माहितीसाठी उद्यान विभागास देत आहोत. कळावे, लोभ असावा."

उद्यान विभागाला प्रत दिल्याची पोच घ्या, ती शिक्क्याची पोच म्हणजेच खरा माल. समजा नंतर महापालिकेनेच परवानगी नाकारली किंवा अर्ज दाबून ठेवला तर शेजारी सुटतो, पण मग बोट महापालिकेकडे वळतं. मुंबईत २०१७ साली चेंबूरला नारळाचं झाड अंगावर पडून एका बाईंचा जीव गेला तेव्हा हाच वाद पेटला होता, तोडायची परवानगी आधी मागितली होती म्हणून.

स्वतः कुऱ्हाड घेऊन जायचं का? फांदी तुमच्या हद्दीत आली तर तिला तिथे वाढायचा वहिवाटीने हक्क मिळत नाही आणि हद्दीपुरती छाटता येते असं कोर्टांनी जुन्या काळापासून मानलंय, पण त्यावर आता झाडांचे कायदे बसलेत. शहरांत महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ लागू आहे, त्यात झाड तोडणं म्हणजे कुठल्याही प्रकारे इजा करणंसुद्धा येतं, त्यामुळे वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय छाटणी केली तर झाड शेजाऱ्याचं आणि गुन्हा तुमच्यावर असं व्हायचं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांच्या वरच्या झाडांना हेरिटेज वृक्षाचा दर्जा मिळाला, तिथे अजून कडक. गावात १९६४ चा वृक्षतोड विनियमन अधिनियम आहे, साग, आंबा, फणस, चिंच अशी त्याच्या यादीतली झाडं मालकालाही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. गोव्यात १९८४ चा कायदा. तिथे २०१६ मध्ये माडाला झाडांच्या व्याख्येतून काढलं आणि पुढच्याच वर्षी राज्यवृक्ष करून परत आणलं, म्हणजे माडाबद्दल कोणी जुनी माहिती देत असेल तर ऐकू नका.

शेजारी हलत नाही आणि झाड खरंच माणसांवर पडण्यासारखं आहे, तर प्रांताकडे अर्ज करा. पूर्वीचं सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहितेचं) कलम १३३, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२, त्यात पडण्यासारखं झाड काढायला किंवा त्याला आधार द्यायला लावण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात. हे कलम माणसांच्या जिवाच्या धोक्यासाठी आहे, म्हणून अर्जात कौलांपेक्षा त्याखाली झोपणारी माणसं, खेळणारी मुलं, येणाजाणाऱ्यांची वाट हे लिहा. गोव्यात तर लोक डेप्युटी कलेक्टरकडे याच मार्गाने जातात.

मुळांचा प्रश्न वेगळा आहे

पिंपळ, वड, उंबराची मुळं भिंतीत, घराच्या पायात, सेप्टिक टँकमध्ये शिरली तर विमा जवळपास उपयोगाचा नाही, कारण आघात नाही, अचानक काही घडलेलं नाही, वर्षानुवर्षं सावकाश झालंय. इथे उलट शेजाऱ्यावरची बाजू मजबूत असते, न्यूसन्स चालूच असतो आणि दैवी आपत्तीची पळवाटही नसते. भेगेवर प्लास्टरची पट्टी मारून तारीख टाका आणि दर दोन-तीन महिन्यांनी त्याच अंतरावरून फोटो काढत राहा. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा "भेग मुळांमुळे आहे" असा लेखी रिपोर्ट घ्या, मग नोटीस, आणि कोर्टात नुसते पैसे न मागता मुळं काढून घ्यायचा आदेशही मागा, नाहीतर पैसे घेऊन बांधलेली भिंत तीन वर्षांत परत फुटेल.

क्लेम नाकारला तर

नाकारल्याचं कारण लेखी मागा, पॉलिसीचं कुठलं कलम ते नंबरासकट. "देखभालीचा अभाव", "जुनं बांधकाम" अशी गोल उत्तरं आली तर आघाताच्या कलमाचा उल्लेख करून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा, सोबत आयआरडीएआयच्या बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाका. एका महिन्यात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर इन्शुरन्स ओम्बड्समन म्हणजे विम्याच्या तक्रारींचा लोकपाल, महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुणे इथे ऑफिसं आहेत, ५० लाखांपर्यंतचे वाद ते घेतात, फी नाही आणि तिथे वकील चालत नाही, तुम्हीच बोलायचं. कंपनीच्या अंतिम नकारानंतर एक वर्षाच्या आत जायचं. तिथेही मनासारखं झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाची वाट मोकळी राहते, त्याची मुदत दोन वर्षांची, आणि ओम्बड्समनकडे गेलेला वेळ त्यात धरून चला.